रथसप्तमी ते होळी : खान्देशातले खरे सुखाचे दिवस (गप्पांचा धागा)

यार्डाजवळचा

राम राम मंडळी. परवा पुतण्या नाशिकहून आला आणि म्हणे काका तुमच्या भुसावळला दोनच ऋतू, एक उन्हाळा आणि दुसरा त्याची तयारी. बाहेरच्यांना आपला मे महिनाच माहिती असतो, सत्तेचाळीस डिग्रीचे आकडे पेपरात वाचून आपल्याला बिचारे म्हणतात. पण रथसप्तमीपासून होळीपर्यंतचे जे पाचेक आठवडे असतात ना भो, ते खान्देशात राहून ज्याने भोगले नाही त्याने काय पाहिलं. आणि ते भोगायला नोकरीतून रिटायरच व्हावं लागतं. ड्युटीवर असताना मला थंडी म्हणजे नाईट शिफ्टचा मफलर आणि उन्हाळा म्हणजे तापलेला रूळ, मधलं काही दिसायचंच नाही.

आता आमचं दोघांचं कसं चालतं सांगतो. सकाळी सातला गच्चीवर दोन खुर्च्या. जानेवारीत त्या खुर्च्या पूर्वेच्या कठड्याला चिकटवून ठेवायच्या, ऊन पाठीवर घ्यायचं, हलायचं नाही. फेब्रुवारी अर्धा झाला की खुर्ची रोज थोडी मागे सरकते, मग टाकीच्या सावलीच्या कडेला येते, पाय उन्हात आणि डोकं सावलीत, आणि होळीच्या आसपास आम्ही पूर्ण टाकीच्या मागे. सौ. (जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण होती, त्यामुळे बसल्या बसल्या माझे उच्चार सुधारणं हा तिचा आवडता उद्योग) म्हणते की आपल्याला कॅलेंडरची गरजच नाही, खुर्ची कुठे आहे ते बघायचं.

माझं कॅलेंडर वेगळं आहे. यार्ड जवळ असल्याने गाड्यांचे आवाज घरात येतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडे यूपी-बिहारला धुकं पडतं आणि उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या पाच-पाच सहा-सहा तास उशिरा. सकाळची गाडी दुपारी जेवताना जाते. फेब्रुवारीत एक दिवस असा येतो की हॉर्न वाजतो, मी घड्याळ बघतो आणि गाडी टायमावर. झालं, गेली थंडी. हवामान खातं काय म्हणायचं ते म्हणो.

तर तुमच्याकडे या दिवसांत काय काय चालतं ते लिहा. रिटायर लोकांनी तर लिहाच, पण नोकरीवाल्यांनाही मनाई नाही.

जळगावची_माई

भाऊ अगदी मनातलं लिहिलंत. आमचं मेहरूण तलावावर फिरणं असतं. डिसेंबरात आम्ही दोघं स्वेटर-कानटोपीत जायचो तेव्हा तलावावर वाफ दिसायची, आता कानटोपी खिशात आणि येताना स्वेटर कमरेला. तलावाच्या बाजूला बोरं विकायला बसतात, मेहरूणची बोरं, आता शेवटची शेवटची आहेत. आमच्या ह्यांना शुगर असल्याने मोजून द्यावी लागतात आणि ते मोजून खातही नाहीत, खिशात बिया सापडतात धुताना. रिटायर झाल्यावर नवऱ्याचे खिसे तपासायला निवांत वेळ मिळतो हाही एक आनंदच म्हणायचा 😄

बाकी आमच्याकडे मोठा विषय म्हणजे पंखा. त्यांना गरम होतं, मला गार लागतं. रात्री अकराला पंखा एकवर, पहाटे तीनला मी उठून बंद करते, चारला ते उठून चालू करतात, आणि सकाळी दोघंही म्हणतात झोप छान लागली. हे सगळीकडे आहे का फक्त आमच्याकडे?

यार्डाजवळचा

माई, सगळीकडे आहे. आमच्याकडे तर गोधडी आणि पंखा एकत्र चालतात.

धुळ्याचा_दादा

काय भाऊ, आम्हना धुयाले इसरी गयात का? थंडी म्हणजे धुळं. तुमच्या भुसावळला काय थंडी पडते.

पण पंख्याचं भांडण होतं त्याला कारण आहे. आपल्याकडे समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर जमीन तापते आणि ढग नाहीत, ओलावा नाही म्हटल्यावर रात्री ती सगळी उष्णता सरळ वर निघून जाते. म्हणून फेब्रुवारीत दुपारी तेहतीस-चौतीस आणि पहाटे बारा-तेरा असं होतं. मुंबईवाल्याला हे पटत नाही, तिकडे दिवस-रात्र एकच घाम. म्हणजे माईंचंही बरोबर आणि माईंच्या ह्यांचंही बरोबर, फक्त टाइम वेगळा.

मला स्वतःला या दिवसांत संध्याकाळ आवडते. जानेवारीत सहाला अंधार व्हायचा, आता पावणेसातपर्यंत उजेड. पांझरेच्या पुलाकडे चक्कर मारायची, कोपऱ्यावरची रसवंती नुकतीच सुरू झालेली असते, घुंगरांचा तो आवाज आला की पाय आपोआप वळतात. बर्फ नको, लिंबू-आलं जास्त. बायको म्हणते अर्धा ग्लास घ्या, म्हणून दोघांत दोन अर्धे घेतो आणि मग अजून दोन अर्धे.

केळीबागवाला

तुमचं चालू द्या भो सुखाचं 😀 आम्ही रावेर तालुक्यातले, आम्हाला रिटायरमेंट नाही. पण वडील आहेत, सत्तरीतले, त्यांनी बाग माझ्याकडे दिली असं ते म्हणतात, म्हणजे रोज सकाळी मी काय चुकलो ते सांगायला येतात.

तुम्ही थंडी गेली म्हणून खुश, आमचंही थोडं तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला कांदेबाग (केळीच, कांदा नाही) थंडीत जागच्या जागी उभा राहतो, पारा दहाच्या खाली गेला की नवीन पान निघायचं नाव घेत नाही, पानं पिवळी पडतात. रात्री बांधावर शेकोट्या करून धूर करायचा, पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं कारण ते कोमट असतं. मग फेब्रुवारी उजाडला की एकदम पान सुटायला लागतं. वडील तेव्हा आईला घेऊन बागेत जातात. दोघं काही बोलत नाहीत फारसं, ती पातीचा कांदा खुडते, ते नवीन पानाची सुरळी बोटाने बघत हिंडतात, अजून उलगडायची आहे ती, हिरवीगार, आत पांढरट. हेच त्यांचं फिरणं.

पण आनंद मोजकाच, कारण हेच ऊन एप्रिल-मेला बाग भाजतं आणि वादळ आलं की घडासकट झाडं आडवी. म्हणून आताच बागेच्या कडेने वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली शेवरी, गजराज गवत किती दाट झालंय ते बघून घ्यायचं. असो, तुमच्या धाग्यात रडगाणं नको.

यार्डाजवळचा

रडगाणं कसलं, तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. आम्ही केळी खाताना एवढा विचार कुठे करतो. पातीच्या कांद्यावरून आठवलं, भरीत अजून कोणी काढलंच नाही? खान्देशचा धागा आणि एवढे प्रतिसाद होऊन भरीत नाही म्हणजे कमाल आहे.

जळगावची_माई

काढणारच होते! आमच्याकडे चंपाषष्ठीला सुरू होतं ते महाशिवरात्रीपर्यंत. नंतर मी करत नाही. ऊन वाढलं की वांग्यात बिया धरतात, अळी पण वाढते, आणि मग ते भरीत चरचरीत लागतं, तो लोण्यासारखा गर मिळत नाही. आसोदा-बामणोदकडची ती हिरवी-पांढरी मोठी वांगी, त्यांचं बी कमी असतं म्हणून तर नाव आहे. २०१६ मध्ये जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही.

धुळ्याचा_दादा

माई महाशिवरात्रीनंतर बंद हे मला मान्य नाही. रात्री गार आहेत तोवर वांगं चांगलं येतं. आम्ही होळीपर्यंत खातो आणि काही होत नाही.

जळगावची_माई

दादा खा की, कोण अडवतंय. मी फक्त सांगितलं की मी करत नाही.

पथारीवाली

गॅसवर भाजत असाल तर महाशिवरात्रीच्या आधी काय आणि नंतर काय, सगळं सारखंच 😏

मी नंदुरबारची. आमच्याकडे या दिवसांत हवेतच मिरची असते. गावाबाहेर लाल मिरचीच्या पथारी पसरलेल्या, नोव्हेंबरपासून वाळवण चालू असतं, बाहेरगावचा पाहुणा आला की पहिले शिंकतो मग नमस्कार करतो. आमचे हे बँकेतून रिटायर झाले तेव्हापासून वर्षाची मिरची घ्यायला स्वतः येतात, आधी मी एकटी जायची. आता काय होतं तर ते प्रत्येक ढिगाजवळ बसून मिरची मोडून बघणार, देठ बघणार, बी खडखडतं का कानाजवळ नेऊन ऐकणार, विकणाऱ्याला चहा पाजणार, आणि शेवटी मी आधी सांगितलेल्या ढिगातूनच घेणार. अर्धा दिवस जातो पण मजा येते.

आणि होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार. सातपुड्यातले आदिवासी लोक ढोल घेऊन येतात, होळीची खरेदी, फुटाणे, गूळ, हार-कंगन. काठीची राजवाडी होळी तर प्रसिद्धच आहे, तिकडे रात्रभर जागरण झेपत नाही आता, पण बाजाराला आम्ही दोघं जातोच. त्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूला पळस फुललेला असतो आणि त्यावर भोरड्या पक्ष्यांचा कलकलाट. एसटीच्या खिडकीतून एवढं फुकटात मिळतं.

यार्डाजवळचा

फुकटावरून आठवलं. एसटीने म्हाताऱ्यांची चैन केलीय हे मानलं पाहिजे. मी पासष्टी ओलांडली म्हणून मला अर्धं तिकीट आणि सौ.ला मार्च २०२३ पासून बायकांची अर्धी सवलत, म्हणजे दोघं मिळून एका तिकिटात. रेल्वेत जन्म गेला पण फिरतो लालपरीने, कोणाला सांगू नका.

पंच्याहत्तरी_पार

अर्ध्या तिकिटाचं काय कौतुक सांगता, आम्हाला पूर्ण माफ आहे, ऑगस्ट २०२२ पासून. मी आणि आमची ही दोघंही पंच्याहत्तरच्या पुढे. महाशिवरात्रीच्या वेळी मुक्ताईची यात्रा असते, तेव्हा चांगदेवला जातो. गर्दीत नाही, यात्रा उलगडली की मग. तिथे तापी-पूर्णेचा संगम आहे आणि हतनूर धरणाचं पाणी तिथवर भरलेलं असतं. चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ बघायचं, काठावर बसायचं, डबा सोडायचा. पाण्यात बदकं असतात, चक्रवाकाची जोडी लांबूनही ओळखू येते, भगव्या रंगाची. ऊन वाढलं की ती उत्तरेला निघून जातात म्हणून मी हिला दरवर्षी म्हणतो चल, जायच्या आधी भेटून येऊ. ही म्हणते त्यांना तिकीट लागतं का.

टाइप करायला वेळ लागतो, चुकभूल समजून घ्यावी.

पुणेरी_झालेला

आजोबा, एक नंबर! 🙏

मी मूळचा अमळनेरचा, पुण्यात आयटीत. हा धागा ऑफिसात बसून वाचतोय आणि एसीत स्वेटर घालून बसलोय. आई-बाबा गावी आहेत. रोज फोन केला की आई काय बोलते माहितीये, आज गोधड्या उन्हात टाकल्या, आज परत टाकल्या, आज घडी घातल्या, आज परत थंडी पडली म्हणून काढल्या. मला वाटायचं हिला दुसरा विषय नाही. गेल्या महिन्यात गेलो तर बघितलं, दोघं मिळून गोधडी झटकतात, एक टोक तिच्या हातात एक बाबांच्या, आणि बाबा मुद्दाम जोरात झटकतात की तिच्या हातातून सुटावी. वय वर्षं सदुसष्ट. मी बघतोय हे कळल्यावर लगेच गंभीर होऊन कपाशीच्या भावाबद्दल बोलायला लागले.

एक प्रश्न. आईचे गुडघे थंडीत फार धरतात, आता जरा मोकळी झालीय, पण परवा सकाळी उठल्यावर चक्कर आली म्हणाली. दोघांनाही प्रेशरची गोळी चालू आहे. काळजीचं आहे का?

निवृत्त_सिस्टर

बाळा, आईला आधी प्रेशर मोजून यायला सांग. सिव्हिलला नोकरी केली म्हणून हे दरवर्षी बघितलंय. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, प्रेशर वर जातं, डॉक्टर गोळी वाढवतात. मग ऊन वाढलं की त्या पसरतात, घाम सुरू होतो, प्रेशर खाली येतं, आणि गोळी मात्र थंडीतलीच चालू राहते. त्यात लघवीची गोळी असेल तर अजूनच. उठल्यावर चक्कर याने होऊ शकते, दुसरीही कारणं असतात, म्हणून दाखवणं महत्त्वाचं. मनाने गोळी बंद किंवा अर्धी करायची नाही, हे आपल्याकडे सर्रास करतात. थोडे दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून कागदावर लिहायचं आणि तो कागद डॉक्टरांना दाखवायचा. आणि अंथरुणातून एकदम उठायचं नाही, आधी काठावर बसायचं.

पाणी पण. थंडीत तहान लागत नाही म्हणून कमी प्यायची सवय लागते आणि फेब्रुवारीतही तीच चालू राहते. माठ आता भरा, होळीची वाट बघू नका.

पुणेरी_झालेला

खूप आभार सिस्टर. आजच फोन करतो. म्हणजे गोधडीच्या बातम्या संपल्यावर.

यार्डाजवळचा

(मी यांची सौ. मोबाईल चार्जिंगला लावून हे दाढी करायला गेलेत तेवढ्यात लिहितेय.)

सगळ्यांना नमस्कार. खुर्चीचं लिहिलं ते खरं आहे पण खुर्ची सरकवतं कोण ते लिहिलं नाही. आणि गोधडीबरोबर पंखा चालवतात तेही लिहिलं, पण गोधडी माझ्या अंगावर आणि पंख्याचं बटण यांच्या बाजूला.

माझं म्हणाल तर मला या दिवसांत बिबडे (ज्वारीचे पापड) आवडतात. गल्लीतल्या आम्ही पाच-सहा जणी आहोत, ज्वारी भिजत घालायची, वाटायची, तीळ-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, हात भरून येतात ढवळून. मग गच्चीवर ओल्या कापडावर थापायचे. नोकरीत असताना मार्च म्हणजे परीक्षा आणि पेपर तपासणं, बिबडे शेजारणीकडून यायचे आणि मला ओशाळल्यासारखं व्हायचं. आता मी सगळ्यात आधी गच्चीवर असते. थापण्याच्या आधी ते गरम शिजलेलं पीठ वाटीत घेऊन वर कच्चं तेल टाकून खायचं, त्यासाठी गल्लीतली सगळी पोरं जमतात. आणि सगळ्यात पुढे वाटी घेऊन कोण उभं असतं ते तुम्ही ओळखलं असेल. कावळे हाकलायचं काम त्यांच्याकडे दिलंय, काठी घेऊन बसतात आणि झोपतात.

आले. ठेवते.

जळगावची_माई

वहिनी तुम्हीच लिहीत जा हो 😂 भाऊंपेक्षा तुमचंच खरं वाटतं.

यार्डाजवळचा

माझ्या नावावर काय काय चाललंय हे! झोपत नाही, डोळे मिटून लक्ष ठेवतो. आणि तुम्ही पण माई.

धुळ्याचा_दादा

वहिनींनी बिबडे काढलेच आहेत तर माझंही एक. दादर ज्वारी. तापीकाठच्या काळ्या रानातली, पाऊस संपल्यावर पेरलेली, नुसत्या ओलीवर आलेली. तिचा हुरडा संपत आला आता, काही ठिकाणी तर सोंगणी सुरू झाली. आमचं जेवण संध्याकाळी साधं, नव्या दादरची भाकरी, तुरीची डाळ नाहीतर हिरव्या मिरचीची भाजी, वरून तेल. मुलं आली की पनीर मागवतात. आम्ही दोघं मुलं गेल्यावर परत भाकरीवर येतो, भाकरी ती थापते आणि तव्यावरून मी काढतो, रिटायर झाल्यावर शिकलो. फुगली की दोघंही बघतो, नाही फुगली की पीठाला नावं ठेवतो.

पथारीवाली

पीठाला नावं ठेवली म्हणजे बरं, आमच्याकडे तव्याला ठेवतात.

कोणी कूलरचं बघितलं का यंदा? गवत बदलून घ्या आताच, एप्रिलमध्ये माणूस मिळत नाही आणि भावही दुप्पट सांगतो. लोखंडी कूलर असेल तर अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढायचा म्हणजे काढायचाच, म्हातारी माणसं घरात एकटी असतात.

यार्डाजवळचा

बरोबर. आमचा कूलर अजून माळ्यावर आहे, सौ. म्हणते होळी पेटल्याशिवाय उतरवायचा नाही, ती थंडीचा अपमान समजते.

बरं, एक सुचवू का? पंच्याहत्तरी पार आजोबा चांगदेवला जातातच, माई जळगावहून, आम्ही भुसावळहून, केळीबागवाले तर जवळचेच. यात्रा झाली की एखाद्या दिवशी सगळे जण संगमावर भेटू. बदकं असतील तोवर. भरीत तिथेच करू, माईंची मुदत संपलेली असेल, पण दादा म्हणतात तसं होळीच्या आत. धुळे-नंदुरबारकरांना लांब पडेल, पण अर्धं तिकीट आहे.

पंच्याहत्तरी_पार

आम्ही येऊ. तिखट कमी करा. हिला विचारलं, ती म्हणते कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या मी करून आणते, पण कणीक मळायला मी मदत करायची या अटीवर. कबूल केलं आहे.

केळीबागवाला

शेतातच या ना सरळ. संगमापासून लांब नाही, सावली आहे, विहिरीचं पाणी आहे, आई-वडीलही खुश होतील, त्यांना नवीन माणूस पाहिजेच चुका दाखवायला. वांगी मी बामणोदकडून आणतो. शेजारच्याची कपाशी उपटून झालीय, पऱ्हाट्या बांधावर पडलेल्याच आहेत, गॅसवर भाजलेलं भरीत माझ्या शेतात चालणार नाही, नंदुरबारवाल्या ताईंनी निश्चिंत यावं. पातीचा कांदा आई खुडून देईल. लसूण-मिरची धुळेकर दादांनी ठेचायची. तेल ज्याने त्याने आपलं आणा आणि शेंगदाण्याचंच आणा, दुसरं कुठलं निघालं तर जेवायच्या आधीच परतीच्या एसटीत बसवून देईन.